डोक्यावरची फुलं आणि विमानाचा भोंगा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून ठेवते. आनोच्या, म्हणजे आमच्या चेंडूच्या खेळात जो संघ हरतो, त्यानं जिंकलेल्यांपुढे नाचायचं असतं. साधंसुधं नाही, तोंडं वेडीवाकडी करून, ढुंगण हलवून, समोरच्यांची हसून पोटं दुखेपर्यंत! आणि गेल्या एकतीस वर्षांत हा नाच मी, नुकुफेताउ बेटाची आकेसे, एकदाही नाचले नव्हते! मी म्होरकी झाल्यापासून नाचायचं समोरच्यांनी आणि चटईवर मांडी घालून हसायचं मी, असा शिरस्ताच पडला होता.

तुम्ही म्हणाल, खेळ तो खेळ, त्याचं एवढं काय? अहो, आमचा तुवालू देश म्हणजे समुद्रात सांडलेले नऊ तांदूळ! इथं माणूस सकाळी शिंकला तर दुपारी चार घरचे काढे येतात. हरल्यावर तोंड लपवायचं कुठं? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूलाही समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळ्या माझ्या नणंदा!

आम्ही राहतो त्या राजधानीत, फुनाफुतीत, सपाट जागा म्हणाल तर एकच, विमानाची धावपट्टी. ठरलेल्या वारी विमान उतरतं, एरवी ती आमची. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि पोरंबाळं, फटफट्या, कोंबड्या सगळे बाजूला होतात. खेळाचा आमचा नियमही त्यातूनच आलेला : भोंगा वाजला की डाव मोडला. झालेले गुण पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

यंदा समोर नानुमेआ बेटाची मंडळी होती. त्यांची म्होरकी नेसे. दंड असे की माडानं लाजावं! तिनं केवड्याच्या पानांचा तो जड चेंडू टोलवला की झेलणाऱ्याला आई आठवते. त्यात आमची झेलणारी बाई मनगट मुरगळून बसली, आणि बदली कोण मिळाली? माझी सून, तिलिया! जिच्या हातून बारा वर्षांत माझी अर्धी भांडी फुटली, ती आता चेंडू झेलणार! शिवाय माहेर नानुमेआचंच.

मग मी डोकं चालवलं. भोंगा वाजवतो तो पानापासी माझा सख्खा भाचा. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, पण माझ्यापुढे अजून नाक पुसत उभा राहतो.

"मावशी, नको गं! नोकरी जाईल माझी!"

"तुझं लग्न कोणी जमवलं?"

"तूच. म्हणून तर सांगतोय, तुझं ऐकलं की माझं काही खरं नसतं!"

"जीभ आवर! आमचं हरायला आलं तरच वाजवायचा. मी डोक्यावरची फुलं काढली, की वाजव. नाही काढली, तर गप बसून राहा."

"अगं, पण उद्या विमानाचा वारच नाही!"

"मग खास विमान म्हणायचं!"

खूण बिनचूक होती. डाव संपेपर्यंत डोक्यावरचं फुलांचं कडं मी कधी काढत नाही. वाऱ्यानं उडू लागलं तरी एका हातानं धरून खेळते!

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर धावपट्टीवर दोन्ही बाजूंच्या रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. पाळकानं प्रार्थना केली आणि दोन चेंडू एकदम हवेत गेले. दहा गुणांचा डाव. बघता बघता नानुमेआ आठ, आम्ही सहा! नेसे ओरडली, "आकेसे, नाचायचा घागरा आणलायस का, की माझा देऊ?"

"तुझ्या घागऱ्यात आमचं अख्खं बेट मावेल गं!" मी म्हटलं खरी, पण हात डोक्याकडे निघालाच होता.

तेवढ्यात तिलियानं एक झेलला, आणि आमच्या उलट टोल्याला गुण मिळाला. मग दुसरा. मग तिसरा! आम्ही नऊ, ते आठ! आणि पुढचा टोला नेसेनं असा मारला की तो चेंडू सरळ फिजीला जावा. माझी सून मागे धावली, आडवी झाली, गुडघे सोलवटून घेतले, आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर चेंडू छातीशी धरला! जमिनीला न टेकलेला, जिवंत चेंडू! आता एकच टोला, की डाव आमचा!

अख्खी धावपट्टी किंचाळली. मला काय झालं देव जाणे. आमच्याकडे कोणी मन जिंकलं की आपल्या डोक्यावरची फुलं काढून त्याच्या डोक्यावर ठेवायची रीत आहे. माझे हात आपोआप चालले. धावत गेले, कडं काढलं आणि तिच्या डोक्यावर ठेवून म्हटलं, "शाब्बास, पोरी!"

तिलिया माझ्याकडे बघतच राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं होतं तिनं. डोळे भरून आले तिचे.

आणि भों ऽऽऽऽ!

"बघा! सासूनं सुनेचं कौतुक केलं, तर भोंग्यालाही राहवलं नाही!" कोणीतरी ओरडलं.

हसणं तेवढंच. पुढच्या क्षणी सगळे चटया गुंडाळून पळाले. "आज विमान कसं?" "पानापासी म्हणतो, खास आहे!" "खास म्हणजे मंत्री असणार!" धावपट्टीच्या मध्यापर्यंत मंत्री होता, कडेला पोचेस्तोवर त्याचा राजा झाला! शाळेतल्या मुली गाणं म्हणायला रांगेत उभ्या राहिल्या. पाळक कोट आणायला घरी धावला. पोलीसदादा शिट्टी फुंकत कोंबड्यांना मागे सारू लागला. सगळ्यांच्या माना आभाळाकडे.

मी पानापासीला गाठलं. "मेल्या, आम्ही जिंकत होतो!"

"तू फुलं काढलीस, मावशी! फुलं काढली की वाजव, असं तूच सांगितलंस ना?"

गप्प बसायचं, उद्या पुन्हा खेळायचं, असं मी ठरवलंसुद्धा. पण तेवढ्यात माझा नवरा, लोतोमा, आडवा आला. बेटाच्या वडीलधाऱ्यांत बसतो, त्यामुळे छाती चार इंच पुढे.

"आकेसे, काळजी नको! पाहुण्याला आपला मोठा डुक्कर द्यायचा ठरवलाय. मुलगा सुरी घेऊन गेलासुद्धा!"

माझा डुक्कर! धावपट्टीच्या कडेच्या खुराड्यात तीन वर्षं खोबरं चारून वाढवलेला, लेकीच्या मुलाच्या लग्नासाठी! इकडे एकतीस वर्षांची अब्रू, तिकडे डुक्कर. खरं सांगते, थोडा वेळ लागला मला. मग खुराड्याकडून त्याची किंकाळी आली आणि मी धावपट्टीच्या मधोमध जाऊन ओरडले, "थांबा! कोणी येत नाहीये! भोंगा मी वाजवायला लावला!"

सगळ्यांच्या माना आभाळाकडून माझ्याकडे वळल्या.

मग म्हाताऱ्यांची बैठक बसली. निकाल असा : डाव नानुमेआचा. पानापासीनं महिनाभर धावपट्टी झाडायची. डुक्कर वाचला म्हणून मी सुस्कारा टाकते न टाकते तोच म्हातारे म्हणाले, "आणि नानुमेआला जेवण आकेसेच्या घरचं. डुकरासकट!"

तर बायांनो, मी नाचले. पहिल्यांदा हात वर करताना वाटलं, धरणी दुभंगावी. पण आमची धरणी इतकी पातळ, की दुभंगली तर खाली लगेच पाणी! तेवढ्यात शेजारी कोणीतरी उभं राहिलं. तिलिया! सोललेल्या गुडघ्यांनी, माझी फुलं डोक्यावर तशीच.

"तू कशाला आलीस? माहेर जिंकलंय तुझं!"

"आई, तुम्हाला कंबर हलवता येत नाही. माझं बघून करा."

आम्ही दोघी अशा नाचलो की नेसे हसता हसता चटईवरून गडगडली. शेवटी उठून तिनं स्वतःची फुलं माझ्या डोक्यावर ठेवली. मी सुनेला म्हटलं, "बरं नाचलीस." उगाच एका दिवसात दोनदा शाब्बास म्हणून तिला चढवून कशाला ठेवा!

आता सगळं सुरळीत आहे. पानापासीनं पट्टी इतकी स्वच्छ झाडली की वैमानिकानं उतरून त्याचे आभार मानले. फक्त एकच झालंय. हल्ली रविवारी देवळात गरम होतं म्हणून मी डोक्यावरची फुलं जराशी सैल केली, तरी पाळकासकट अख्खं देऊळ खिडकीतून आभाळाकडे बघतं!