साबण वाटून न घेणारा मनोहर

आमच्या गल्लीत तारेवरचे कपडे आपोआप उलटे होतात. नवा भाडेकरू आला की पहिले काही दिवस चक्रावतो. सकाळी सुलटं वाळत घातलेलं बनियन दुपारी आतली बाजू बाहेर करून लटकलेलं असतं. मग कोणीतरी त्याला सांगतं, "मनोहर राऊत येऊन गेला असेल."

मनोहर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाला. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली होता, म्हणून मला वहिनी म्हणतो. रायपूरच्या गुढियारीत आमच्या भिंतीला लागूनच त्याची खोली आहे. मागेपुढे कोणी नाही. त्यामुळे सगळ्या गल्लीच्या कातडीची काळजी त्यानं स्वतःकडे घेतली आहे.

"अंगाले लागते ते आतली बाजू, अन् ऊन खाते बाहेरची. हे कोणतं शहाणपण होय, वहिनी?" असं म्हणत तो माझ्या देखत माझे परकर उलटे करतो. मी बोलणं सोडून दिलं. समोरच्या साहूबाईनं मात्र एकदा त्याला गल्लीच्या मधोमध धरलं.

"ए खुजली भैया! मेरे पेटीकोट को हाथ काहे लगाए?"

"दीदी, दाद नाड़े के पास ही होता है. पसीना वहीं बैठता है."

"धीरे बोलो, पूरा पारा-मोहल्ला सुन रहा है!"

"सुनने दो. पूरे पारे को दाद है."

आणि ते खरं होतं. त्या उन्हाळ्यात अर्ध्या गल्लीला गजकर्ण झालं होतं. कमरेला गोल चट्टे, कडेला लाल, रात्रंदिवस खाज. औषध म्हणजे मेडिकलवाल्यानं दिलेली एक ट्यूब, आणि ती वाटीभर साखरेसारखी या घरातून त्या घरात फिरत होती. लावली की खाज लगेच थांबायची, चट्टा फिका पडायचा, सगळे खूश. सोडली की चट्टा दुप्पट होऊन परत. मनोहरनं ती ट्यूब साहूबाईच्या हातातून घेतली आणि नालीत फेकली. मग जो सापडेल त्याला ऑटोत कोंबून समता कॉलोनीतल्या चामडीच्या डॉक्टरणीकडे न्यायला लागला. तिथं तो पेशंटच्या आधी आत शिरतो, डॉक्टरीण काय म्हणते ते ऐकतो, आणि बाहेर येऊन बाकावर बसलेल्या अनोळखी लोकांना सांगतो. टॉवेल वेगळा ठेवा. आंघोळ झाली की सांधे कोरडे पुसा. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावा, एकट्यानं लावून काही होत नाही. मेडिकलवाल्याला वाटतं, याला क्लिनिककडून कमिशन मिळतं. क्लिनिकला वाटतं, मेडिकलवाल्याकडून.

त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "उजेडात ये." चेहरा ओळखायच्या आधी तो कातडी बघतो. हात धरतो, उन्हात ओढतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि नाक लावून पाहतो. एकदा एका रंगाऱ्याला असंच ओढलं, कारण त्याच्या दंडावर पांढरे ठिपके होते. नखानं खरवडून पाहिलं तर चुना निघाला. मनोहर इतका खूश झाला की त्याला घरी नेऊन चहा पाजला, वर बिस्किटं दिली. रंगारी जाताना मला विचारून गेला, "माताजी, ये आदमी ठीक है ना?"

बाकी तऱ्हाही पुष्कळ. रायपूरच्या मे महिन्यात लोक बनियनवर बसतात, हा पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि मनगटाची बटणं लावतो. म्हणतो, ऊन लागते. लग्नाला येतो, जेवतो, पण हळदीला कधी मांडवात पाऊल टाकत नाही. म्हणतो, मले हळद सोसत नाही. आणि लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं की उत्तर तयार, "साबण वाटून घेणं जमत नाही मले." सगळे हसतात. तोही हसतो.

आता माझ्या नातीचं सांगते.

स्वातीचं लग्न भिलाईला ठरलं. मुलगा स्टील प्लांटमध्ये, घर बरं, माणसं आमच्याच विदर्भाकडची. थंडीत पाहून गेले तेव्हा पोरगी स्वेटरमध्ये होती. उन्हाळा लागला, ती रोज स्कूटीवर कामाला जायची, घामानं कुरता पाठीला चिकटायचा, आणि एप्रिलात तिच्या मानेवर फिकट ठिपके उठले. मग पाठीवर. तिनं लपवलं. मनोहरपासून कोण लपवणार? तारेवर कपडे उलटे करता करता त्यानं तिला पाहिलं.

"उजेडात ये, पोट्टी."

"राऊत अंकल, अभी नहीं, देर हो रही है."

"ये म्हणतो ना."

पाहिलं, नखानं खरवडलं, आणि म्हणाला शिबं आहे. तेवढ्यावर थांबला नाही, डॉक्टरणीकडे घेऊन गेला. तिनंही तेच सांगितलं. घामट अंगावर बुरशी वाढते, लावायचं औषध देते, बरं होईल. पण बुरशी गेली तरी रंग परत यायला महिने लागतील.

महिने आमच्याजवळ नव्हते, लग्न दहा दिवसांवर आलं होतं. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, बंद गळ्याचे ब्लाउज शिवा आणि तोंडं बंद ठेवा. लोक शिबं न् कोड यात फरक करत नाहीत. पांढरं दिसलं की मागे सरतात.

मनोहर म्हणाला, "सांगून टाका, वहिनी. डॉक्टरनीचा कागद दाखवा. लपवलं की लोक वाईटच समजतेत."

"तू गप राह्य. तुह्यं कोणतं लग्न होऊन राहिलं?"

त्यानं तारेवरचा टॉवेल उलटा केला आणि गेला.

हळदीच्या दिवशी भिलाईहून मुलाची आत्या आणि चार बायका उष्टी हळद घेऊन आल्या. आधी नवऱ्या मुलाला लागते, मग त्यातलीच उरलेली नवरीला लावायची, अशी आमची रीत. आत्याबाई जाड, टापटीप, डोळे फार तेज. स्वाती पाटावर बसली. अंगणात मांडव, वरून ऊन. मनोहर नेहमीसारखा फाटकाबाहेर सावलीत उभा. मी त्याला आधीच दम दिला होता, आज कोणाला उजेडात बोलवायचं नाही.

आत्याबाईनं पाय रंगवले, हात रंगवले, गाल रंगवले. मी मनात म्हणत होते, बस कर बाई, आता उठ. पण ती मागे गेली आणि मानेला लावायला तिनं ब्लाउजची कड बोटानं खाली ओढली.

तिचा हात तिथंच थांबला. गाणं म्हणणाऱ्या बायकाही एकेक करून थांबल्या.

"हे काय होय?"

माझी सून म्हणाली, "घामोळं होय जी."

"घामोळं पांढरं असते?" आत्याबाईनं अजून खाली पाहिलं. मग हळदीची वाटी उचलली, पदराला बोटं पुसली आणि वाटीवर झाकण ठेवलं. "आमाले काहून नाही सांगितलं? कोड असलेली पोट्टी आमच्या गळ्यात बांधून राहिले तुमी?"

स्वाती हलली नाही. फक्त तिच्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर घट्ट झाली. आत्याबाईच्या बरोबरच्या बाईनं फोन काढला. एकदा तो फोन भिलाईला लागला असता तर संपलंच असतं. झाकलेली वाटी परत गेली असती, आणि मग स्वातीला कोणी सरळ नजरेनं पाहिलं नसतं.

मी म्हटलं, "कोड नाही, शिबं होय. डॉक्टरनीनं लिहून देल्लं. स्वाते, कागद आण."

"कागद कोनीही आनते," आत्याबाई म्हणाली. "कोड कसं असते, तुमाले काय माहीत?"

"मले माहीत आहे."

फाटकातून आवाज आला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि उरलंसुरलंही जाणार. मनोहर मांडवात आला. चपला फाटकाजवळ काढून आला. आयुष्यात पहिल्यांदा हळदीच्या मांडवात शिरला, आणि सरळ उन्हाच्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

"मनोहर, बाहेर जा," मी म्हटलं.

त्यानं उजव्या मनगटाचं बटण काढलं. बाही वर केली, कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर. मग डावी.

पंजे त्याचे सावळे. मनगटाच्या वर कातडी दुधासारखी पांढरी होती. मोठे मोठे तुकडे, मधे मधे सावळा रंग उरलेला, आणि पांढऱ्यावरचे केसही पांढरे.

"हे कोड होय," तो म्हणाला. "पाहा. जवळून पाहा, काही होत नाही. लागत नाही हे कोनाले. दुखत नाही, खाजत नाही, सुई टोचली तर समजते. बाई, खरवडा नखानं."

आत्याबाई मागे सरली. मग त्यानं स्वतःच नखानं दंड खरवडला. काही निघालं नाही, नुसती लाल रेघ उठली.

"आता पोट्टीची मान खरवडा. भुसा निघन. नाही निघाला तर चालले जा."

आत्याबाई पुढे झाली, स्वातीच्या मानेवर नख फिरवलं आणि बोट उन्हात धरलं. नखावर बारीक भुसा होता. तिनं तो पाहिला, मनोहरचे हात पाहिले, पुन्हा नख पाहिलं.

"सांगितलं असतं आधी," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर आल्या असत्या?" मी म्हटलं.

फोनवाल्या बाईनं फोन पर्समध्ये ठेवला. आत्याबाईनं झाकण काढलं. तेव्हा स्वाती मान न वळवता म्हणाली, "और सच में कोड होता तो, बुआजी?"

आत्याबाईनं बोटं वाटीत बुडवली. मानेला हळद लावली. सगळी मान रंगवली, पाठ रंगवली, हात कमी चालला नाही तिचा. एवढं मी तिच्या बाजूनं सांगते.

गाणं पुन्हा सुरू झालं. मनोहरनं बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि फाटकाबाहेर आपल्या जागी जाऊन उभा राहिला. नवरीची हळद झाली की उरलेली बायका एकमेकींना फासतात, पोरं पळतात, कोणी कोणाला सोडत नाही. त्याच्याकडे कोणी गेलं नाही. जाणार तरी कशा, इतकी वर्षं त्यानंच सांगितलं होतं की सोसत नाही.

मी वाटी घेऊन उठले. गुडघे दुखतात माझे, तरी फाटकापर्यंत गेले.

"मनोहर, उजेडात ये."

"मले हळद सोसत नाही, वहिनी."

"सोसते. बाही वर कर."

तो इकडेतिकडे बघत राहिला. मग बटण काढलं. बाही वर केली आणि हात पुढे केला. मी मूठभर हळद घेतली आणि मनगटापासून कोपरापर्यंत चोपडली. पांढरं झाकलं, सावळं झाकलं, हात सगळा एकसारखा पिवळा झाला. तो त्या हाताकडे अशा नजरेनं बघत होता, जणू दुसऱ्याचाच हात आहे.

"आता साबन लागन," तो म्हणाला.

"मोरीत माही वडी आहे, ते घे."

"वाटून घेत नसते, वहिनी. किती वेळा सांगितलं." हसायचा प्रयत्न त्यानं केला, जमला नाही. न धुताच बाही खाली केली आणि घरी गेला.

लग्न झालं. स्वाती भिलाईला आहे, मान आता साफ आहे. मनोहर तसाच आहे. पूर्ण बाह्या, मनगटाला बटणं, परवा माझ्या टाचांच्या भेगांवरून मला बोलून गेला. गल्लीतले कपडे अजून उलटे होतात.

त्याचा एक पांढरा शर्ट मात्र त्याच्या खोलीच्या आतल्या दोरीवर वाळतो, सावलीत, सुलटा. बाहीच्या आतल्या बाजूला पिवळा डाग आहे. हळदीचा डाग उन्हानं उडतो, हे त्याला माहीत आहे.