आधी माय, मंग लेकरू

मेश्रामभाऊंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असतो. नवे पेशंट त्याला ताईत समजतात. एका आजीने तर तो कोणत्या बाबाकडून आणला, अशी चौकशी केली होती. भाऊंनी गंभीरपणे सांगितलं, "मीच भरतो, आजी. रोज पाच वाजता."

धानोऱ्याच्या आमच्या लहानशा दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणं भाऊंचं काम आणि नोंदी भरणं माझं. त्यात चार तक्ते आहेत: गावं, गावांतली कुटुंबं, कुटुंबांतली माणसं आणि माणसांचे सिकलसेलचे रिपोर्ट. प्रत्येक तक्ता आधीच्याला धरून उभा. भाऊ वरच्या तक्त्याला माय म्हणतात, खालच्याला लेकरू. रोज पाच वाजता ते सगळ्या नोंदींची प्रत, म्हणजे बॅकअप, गळ्यातल्या पेनड्राइव्हवर घेतात, दुसरी कपाटात ठेवतात; आणि दर शनिवारी तो बॅकअप एका जुन्या खटारा कॉम्प्युटरवर पूर्ण उतरवून बघतात. बियाणं उगवते का नाई, हे पेरल्याबिगर समजत नाई, असं त्यांचं म्हणणं.

"आधी माय, मंग लेकरू" हे त्यांचं पालुपद कॉम्प्युटरपुरतं असतं तर चाललं असतं. जेवताना कुणी भाताआधी वरण वाढून घेतलं की ते हात धरतात. वरणाला आधार नको का? आमच्या शिपायाच्या लग्नात तर नवरदेवाची आजी येऊन बसेपर्यंत त्यांनी फोटो अडवून धरला. फोटोवाला वैतागला, आजी लाजली. मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे.

यंदा उन्हाळ्यात वीज कडाडली आणि आमचा कॉम्प्युटर जळाला. भाऊ रजा टाकून गावी गेले होते. बुधवारी सिकलसेलचं शिबिर होतं. जुने रिपोर्ट नसते तर दूरदूरच्या पाड्यांवरून चालत आलेल्या पोरांना पुन्हा सुया टोचून परत पाठवावं लागलं असतं. मी भाऊंना निरोप धाडला आणि सोमवारी सकाळी, कपाटातला बॅकअप काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्वतःच सुरू झाले.

उतावीळपणा माझा जुना. रिपोर्ट हवेत ना, मग रिपोर्टच आधी घेतले. कॉम्प्युटरने एकूण एक नाकारले; म्हणे अशी माणसंच नाहीत. माणसं घातली, तर म्हणे अशी कुटुंबं नाहीत. नागपूरच्या इंजिनिअरने फोनवर उपाय सांगितला: तक्ते एकमेकांशी जुळतात का, ही तपासणी बंद करा आणि ढकला सगळं. मी बटणावर बोट ठेवलं, तोच भाऊ दारात. पहिल्या एसटीने आले होते.

"थांबा, बाई. ढकलले तं घुसतीन सारे. पन एखांदी माय मांगं राह्यली, तं रिपोर्ट कोनाचा, हे कोन सांगन?"

मी केलेला पसारा त्यांनी आधी पुसला. मग गावं, मग कुटुंबं, मग माणसं, शेवटी रिपोर्ट. प्रत्येक तक्ता जुन्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढचा घेतला नाही. मंगळवारी दुपारी सगळं जागेवर होतं. मला हायसं वाटलं.

सहज म्हणून मी कुटुंबांची यादी चाळत होते. एके ठिकाणी थांबले. कुटुंबप्रमुख यशोदाबाई मेश्राम, आणि खाली एकच नाव, भाऊंचं. यशोदाबाई म्हणजे त्यांची आई. ती गेल्या वर्षी वारली. मातीला आम्ही सगळे गेलो होतो. राहून गेलं असेल, असं समजून मी विचारलं, "भाऊ, हे नाव काढू?"

"काढू नोका. माय काढली तं खालचं लेकरूबी उडते."

ते खरंच होतं; आमच्या कॉम्प्युटरात तसा नियमच आहे. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, काढायचं नाही, शेजारच्या रकान्यात फक्त 'मृत' लिहायचं. गावोगावच्या किती माणसांपुढे भाऊंनीच माझ्याकडून ते लिहून घेतलं होतं.

भाऊ पेनड्राइव्हचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"मालूम आहे, बाई. रोज पाच वाजता उघडतो तो रकाना. मंग बॅकअप घेतो अन् बंद करतो."

केलेल्या नकलांची मला फार लाज वाटली. पाच वाजत आले होते. मी उठून त्यांना खुर्ची दिली.