सीडर स्लॉटचा मोकळा रस्ता

“लागू दे आग! आपलं शेवटचं माणूस खालच्या पुलावर पोचेल तेव्हा तुमच्या कपातली कॉफीसुद्धा निवलेली नसेल!”

अलॉन्झो फॉन्टनोनं हे चर्चच्या पायरीवर उभं राहून अख्ख्या सीडर स्लॉटला ऐकवलं. जन्मभर त्यानं ओंडक्यांचा ट्रक त्या उतारावरून खाली नेला होता. पुढे सॉ मिल बंद पडली, ट्रक भंगारात गेला, पण रस्ता आपल्या बापाचा हा त्याचा समज मात्र शाबूत होता.

डोंगरावरून खाली यायला तो एकच रस्ता. गेल्या उन्हाळ्यात पलीकडचा डोंगर पेटला, तेव्हा तिथले काही जण निघाले होते, पण पोचले नव्हते. तेव्हापासून इथं जरा धुराचा वास आला की हसणाऱ्याचं हसू तोंडातच राही.

अलॉन्झोचा भाचा डेलरॉय शहरातून मुद्दाम आला होता. “मामा, कॉफीचं राहू दे. आईला चालवत नाही आणि तिचं घर पुलापासून एवढं लांब. शनिवारी गाव रिकामं करायचा सराव आहे, तेव्हा मी पुलावर उभा राहतो. तू तिला नीट खाली आणलंस, तर राहू दे तिला इथं. नाहीतर मी तिला साक्रामेंटोला घेऊन जाणार. कायमची.”

“कबूल!” अलॉन्झो गरजला. गरजताना त्यानं टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली. बायको जाऊन वर्षं झाली होती. शेजारच्या घरातली ही थोरली बहीण, ओडेसा, एवढीच काय ती त्याला उरली होती.

कामाची आखणी सोपी होती. घराभोवतीचं वाळकं गवत, काटक्या, फांद्या तोडायच्या आणि रस्त्याच्या कडेला रचायच्या. शुक्रवारी सरकारी यंत्र येऊन सगळ्याचा भुसा करून नेणार. लोकांना सांगायचं काम तेवढं त्यानं रेव्हरंड ब्रुसार यांच्यावर सोपवलं. इथंच घात झाला!

रेव्हरंड काही नुसतं सांगणाऱ्यातले नव्हते. ते आधी बोलत, मग गुणगुणत, मग ऑर्गन त्यांच्यामागे दबक्या पावलानं येई आणि बघता बघता उपदेशाचं गाणं होई. त्या रविवारी त्यांनी बायबलमधल्या, जळत्या नगरातून पळणाऱ्या लोटाची कथा लावली. मागं वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झालेली त्याची बायको आली आणि बाया रुमाल शोधू लागल्या. “काय साठवलंस, माझ्या लेकी, ओसरीच्या खाली?” असा त्यांनी वरचा सूर लावला, तेव्हा तर पुरुषसुद्धा उठून उभे राहिले. गाऊन सांगितलेल्या शब्दाची ताकद काय वर्णावी! साध्या शब्दाला माणूस मान डोलवतो. तोच शब्द सुरात आला, की घरी जाऊन कुऱ्हाड काढतो!

आणि काढली की हो! रस्त्याच्या दोन्ही अंगांनी फांद्यांचे ढीग उठले. काटक्या संपल्यावर लोकांनी मोडकी दारं आणली, कोंबड्यांची खुराडी आणली. अर्नेस्टाइनबाईंनी तर दिवंगत नवऱ्याचा सोफा आणून ठेवला. यंत्राच्या माणसांचा हात पोचावा म्हणून जो तो ढीग डांबराकडे सरकवत होता. अलॉन्झो मध्ये उभा राहून म्हणत होता, “शाबास! अजून पुढे घ्या!”

शुक्रवारी यंत्र आलंच नाही. दुसऱ्या खोऱ्यात खरी आग लागली होती, ते तिकडे गेलं.

शनिवारी भोंगा वाजला. सगळ्यात पुढे अर्नेस्टाइनबाईंची गाडी, मागच्या ट्रेलरमध्ये त्यांचं खेचर. वळणावर तो ट्रेलर त्यांच्याच सोफ्याला अडकला. त्याच्या मागे गायकवृंदाची व्हॅन अडकली. तिच्या मागे अलॉन्झोचा पिकअप आणि त्यात रविवारची टोपी घालून, केकचा डबा मांडीवर घेऊन बसलेली ओडेसा.

“मागे घे!”

“कुठं घेऊ? मागं अख्खं गाव आहे!”

“अहो, ते खेचर माझी टोपी खातंय!”

रेव्हरंड धापा टाकत आले. “मी फक्त मोकळं करा म्हणालो होतो!”

“म्हणाला नाहीत, रेव्हरंड,” खिडकीतून ओडेसा म्हणाली. “गायलात. तोच घोळ झालाय.”

पुलाकडून अग्निशमन दलाच्या कॅप्टन ह्यूएटबाई चालत आल्या. दोन्हीकडचे वाळके ढीग बघत त्या पिकअपपाशी येऊन थांबल्या. “फॉन्टनोसाहेब, आगीला जंगलातून वाट शोधावी लागली असती. तुम्ही तिला रस्ता आखून दिलात.”

मागून डेलरॉय आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही.

“यंत्र आलं असतं तर...” अलॉन्झो पुटपुटला.

“मामा, आग थांबली असती का यंत्रासाठी?”

अलॉन्झोनं बहिणीकडे पाहिलं. जायला नाही म्हण, एकदा नाही म्हण, एवढंच तिला त्याची नजर सांगत होती. ओडेसानं डब्यावरून हात फिरवला. “शब्द दिला होतास, लॉनी. चर्चच्या पायरीवर.”

गायकवृंदातल्या चौघांनी कुणाच्याशा ढिगातली खुर्ची काढली, तिला बसवलं आणि उचललं. रेव्हरंडांनी हलकेच भजन धरलं. “सूर वर घ्या!” ती खेकसली. “मी काही मेले नाही अजून!” सूर वर गेला. खुर्चीचा पाय धरायला जागाच उरली नव्हती, म्हणून अलॉन्झो केकचा डबा घेऊन मागून चालत राहिला.

पुलावर डेलरॉयच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “सोमवारचा राजमा आता तुलाच करायचाय, रविवारी रात्रीच भिजत घाल.”

“मला कुठं येतो?”

“म्हणून तर सांगते!” तिनं डब्याचं झाकण उघडलं, त्याच्या हातावर केकचा मोठा तुकडा ठेवला आणि काच वर केली.

गाडी गेली. वरून खेचराचं ओरडणं ऐकू येत होतं. कॅप्टनबाई जवळ आल्या. “एकूण किती जण बाहेर पडले?”

“एक.”

“चला, अगदीच शून्य नाही!” त्या धीर देत म्हणाल्या. “बोलवा त्या एकाला परत. सराव संपला.”

“तिचा नाही संपला,” अलॉन्झो म्हणाला आणि सोफ्याचं दुसरं टोक धरायला कुणी आहे का, ते बघू लागला.