स्ट्रोगानॉफबाईंना काय वाढायचं

घरमालकीण फ्राउ स्ट्रोगानॉफ शनिवारी दुपारी जेवायला येणार होत्या, आणि जर्मनीतल्या वाल्डॉर्फमधल्या या घराचा भाडेकरार वाढवायचा की नाही ते जेवण झाल्यावर सांगणार होत्या. शिरीषने उत्साहाच्या भरात ठरवलं, की त्यांच्या रशियन सरदार घराण्याच्या नावाने जगभर ओळखला जाणारा पदार्थच त्यांना खिलवायचा. मूळ पदार्थ, म्हणजे स्ट्रोगानॉफ, गोमांसाचा. त्याच्या बायकोने, चारुलताने, मशरूमवर भागवलं.

मलईचा रस्सा मंद आचेवर ठेवून ती साडी नेसायला गेली आणि ढवळायचं काम सासऱ्यांवर, भास्कररावांवर आलं. एका हातात डाव, दुसऱ्यात मोबाइल. त्या घराण्याची माहिती वाचता वाचता ते मिठाच्या व्यापारातून राजवाड्यात शिरले, राजवाड्यातून तिथल्या चित्रांत, आणि असे रमले की डाव थांबला.

आधी धूर झाला. मग छताला लावलेला राउखमेल्डर, धुराचा भोंगा, कोकलायला लागला. मग खालच्या मजल्यावरून खुद्द फ्राउ स्ट्रोगानॉफ पाण्याची बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाबा, जरा ढवळा म्हटलं होतं मी," चारुलता हळूच म्हणाली.

"ढवळतच होतो गं. मध्ये राजवाडा लागला."

काळं पातेलं बाल्कनीत गेलं. उरला तो बाबांसाठी केलेला वरणभात, तोही रक्तदाबामुळे अळणी. जळलं ते तुमच्याच नावाचं होतं, हे शिरीषने पडल्या चेहऱ्याने सांगून टाकलं. घर गेलंच असं धरून चारुलताने भातावर तूप सोडलं. ते वरणावरून कोवळ्या उन्हासारखं पसरत गेलं.

बाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि मीठ मागितलं. मीठ पुढे करताना भास्कररावांना राहवेना. तुमचं घराणं मुळात मिठावरच मोठं झालं, असं त्यांनी इंग्रजीत सांगून टाकलं.

बाईंनी चमचा खाली ठेवला. लग्नानंतर हे आडनाव लागलं, तेव्हापासून जो तो त्यांना ते मलईचंच खायला घालत आला होता. नवरा गेला त्या दिवशीही शेजारीण तेच घेऊन आली होती. मिठाची आठवण कुणी काढली नव्हती.

"जळलं ते फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहा इथेच."

बाईंनी पुन्हा वरण मागून घेतलं.

निघताना त्या प्रेमाने म्हणाल्या, "रविवारी तुम्ही खाली या. खास तुमच्यासाठी करी करते. बेदाणे घालून."

शिरीष आणि चारुलताने एकमेकांकडे पाहिलं. ऑफिसात, शेजारी, मुलीच्या शाळेत, जर्मनीत आल्यापासून जिथे तिथे त्यांना हीच पिवळी, गोडसर करी आग्रहाने वाढली गेली होती. नक्की येऊ, असं दोघंही एका सुरात म्हणाले.

दार लावून चारुलता सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, रविवारी तुम्ही जरा आधी खाली जा. ढवळायला."