यादीचं काम सुरू आहे

कर्र... कर्र... दुपारी दोनच्या ठोक्याला कोपऱ्यातलं खोकं घसा खाकरू लागलं आणि पाळण्यात नुकताच निजलेला सागर चुळबुळला. दर्शनाने एका हाताने पाळणा हलवला आणि खोक्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं.

खरी सवत म्हणजे जयगडला नवऱ्याच्या, विनीतच्या ऑफिसातल्या सुरय्या मॅडम! वारा सुटला की घरचं नेट जायचं, म्हणून विनीतने या खोक्यावर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर, लिनक्स घालून घरात कुणीही उघडलेलं नेटवरचं प्रत्येक पान साठवायची सोय केली होती. साठवलेल्यातलं काही शोधायचं तर आधी पानांची यादी हवी. ती खोकं रोज दुपारी दोन ते चार करायचं, तेही कोलंबी सोलायला बसलेल्या म्हातारीच्या सवडीने.

"दुपारची वेळ लावायची युक्ती सुरय्या मॅडमची," विनीत म्हणाला. "काय डोकं आहे बाईचं! आणि बांगड्याला कोकमाचं आगळ काय सुंदर लावतात!"

"मग तिकडेच जेवा की."

"अगो, त्या सगळ्यांनाच वाढतात!"

सगळ्यांना म्हणे! सोमवारी तो कामावर गेल्यावर दर्शनाने खोक्यात 'सुरय्या' लिहिलं. बघूया, हा घरी बसून काय काय वाचतो ते. उत्तर आलं : 'यादीचं काम सुरू आहे. बारा टक्के.'

मंगळवारी एकतीस. बुधवारी चोपन्न. इतका धीर कुणाला असतो? तिने सरळ नेटलाच विचारायला घेतलं. प्रत्येक वेळी विचारून झालं की कढई घासावी तशी ब्राउझरची हिस्ट्री लख्ख पुसून टाकायची. शुक्रवारी सत्त्याण्णव टक्क्यांवर चार वाजले आणि खोकं गप्प झालं. दर्शनाला रडूच आलं.

शनिवारी विनीत घरीच होता. दुपारी बाहेरच्या खोलीतून त्याची हाक आली, "झाली गो यादी! संस्कृती, ये. शोधायला पहिलं नाव मॅडमचंच लिही, युक्ती त्यांची."

दर्शना बांगड्यांना आगळ लावत होती. तशीच लाल हातांनी दारात आली. आता सापडतोय!

"सतरा पानं, बाबा!" तिसरीतली संस्कृती धडा वाचावा तशी मोठ्याने वाचू लागली. "'सुरय्या नावाचा अर्थ.' 'सुरय्या जयगड फोटो.' 'सुरय्या जयगड लग्न झालंय का.' 'नवरा सारखं सुरय्या सुरय्या करतो उपाय.'"

"ही मी नाही उघडली," विनीत म्हणाला. मग त्याची नजर दर्शनाच्या हातांवर गेली, आगळाचा वास आला आणि तो एकदम छताकडे बघू लागला. मिशी मात्र थरथरत होती.

दर्शनाचे कान हातांपेक्षा लाल झाले.

संस्कृतीने बोटांवर माणसं मोजली. "बाबांनी नाही. मी नाही. सागरला तर वाचताच येत नाही. मग आई, आपल्या घरात आणखी कोण राहतं गो?"