बिनसनदी वकील

नरेंद्ररावांनी गाडीचं दार उघडून पाय बाहेर टाकला आणि खिडकीतून पोलिसाशी बोलणारा हृषीकेश दचकून मागे वळला.

"बाबा, बसा ना आत! मी बोलतोय त्याच्याशी."

"तू गप्प राहा. अशील बोललं की केस बुडते," असं म्हणून नरेंद्रराव मास्क नाकावर चढवत पोलिसासमोर उभे राहिले.

साताऱ्याच्या कोर्टात उभी हयात घालवलेला हा माणूस मुलाकडे दोन महिन्यांसाठी मेलबर्नला आला आणि कोरोनाने विमानंच बंद पाडली. आता ऑगस्ट लागला होता. आभाळ कायम मळकट, थंडी हाडांत शिरणारी आणि बोलायला भिंती. त्यात नियम असा की, खरेदीला घरातून एकानेच जायचं, तेही पाच किलोमीटरच्या आत. हृषीकेश डँडेनॉन्गला कढीपत्ता आणायला निघाला, तेव्हा "आम्ही गाडीतच बसतो रे" म्हणत आजोबा आणि नऊ वर्षांची ओवी मागे चढून बसले होते.

पोलीस बिचारा सोडूनच देत होता. "नो वरीज मेट, पुढच्या वेळी एकटा ये," म्हणून वळलाही होता. पण वकील ऐकतोय होय! मुलगा निर्दोष आहे, खरेदी मी करणार, तो फक्त गाडी हाकतोय, असं नरेंद्ररावांनी ऐटबाज इंग्रजीत मांडलं. पोलीस परत फिरला.

"घर किती लांब आहे तुमचं?"

"सात किलोमीटर," नरेंद्रराव खणखणीत आवाजात म्हणाले.

दंड झाला. कढीपत्ता राहिला तो राहिलाच.

 घरात आल्यावर हृषीकेश भडकला. "बाबा, तुमची सनद इथे चालत नाही! कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

नरेंद्ररावांचं तोंड एवढंसं झालं. ओवीला त्यांची दया आली. "आजोबा, वकील म्हणजे लायसन्सवाला लॉयर ना?"

"लायसन्स फार नंतर आलं गं. शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. भरवशाने काम सोपवलेला माणूस, तो वकील. पेशव्यांचे वकील निजामाच्या दरबारी असायचे. धन्याला स्वतः जाऊन सांगता येत नाही, ते यांनी सांगायचं."

"सांगून झालंय आज पुरेसं," हृषीकेश लॅपटॉप उघडत म्हणाला. "भारत सरकार सोडतंय त्या परतीच्या विमानासाठी आजच नाव द्यायचंय. पण तुम्हाला कुठे घाई आहे? व्हिसा वाढवून टाकतो. मजेत आहात ना इथे?"

"हो, हो. मजेत," नरेंद्रराव खिडकीकडे बघत म्हणाले.

"नो, बाबा! स्टॉप!" ओवी मध्ये येऊन उभी राहिली. "मी आजोबांची वकील आहे. ते मजेत नाहीयेत. आजीचा फोन ठेवला की गॅरेजमध्ये जाऊन क्राय करतात. एव्हरी सिंगल डे. आजी तिकडे एकटी आहे ना! पण तुला सॅड वाटेल म्हणून सांगत नाहीत."

हृषीकेशचा हात लॅपटॉपवरच थांबला. "बाबा, खरंय हे?"

नरेंद्ररावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा पुसला.  मग ओवीच्या डोक्यावर हात ठेवून ते कसेबसे म्हणाले,

"माझ्या वकिलाला विचार. अशील बोललं की केस बुडते."