फुकटच्या मेळ्यात सासरे

सोफा खाली नेण्याची कल्पना माझीच. (माझी एखादी कल्पना दुसऱ्या कोणाच्या नावावर खपवणं मला आजवर जमलेलं नाही. बायको वासावरून ओळखते.)

झालं असं, की आमच्या रस्त्यावर उन्हाळी मेळा भरला. गाड्या बंद, दुतर्फा तंबू, उंच बांबूंवर चालणारे विदूषक, बेसूर बँड, गालांवर वाघ रंगवून घेणारी पोरं; आणि सगळं फुकट! आमच्या घरात मात्र सासरे भिंतीकडे तोंड करून बसलेले. सासूबाई गेल्यापासून ते खोलीबाहेर पडलेच नव्हते. बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'. बायको त्यांच्या दाराशी जायची आणि डोळे पुसत परत यायची.

"अहो, बाबांना निदान फाटकापाशी तरी बसवू या."

"खुर्ची टोचेल त्यांना," मी म्हणालो. "सोफाच नेतो."

सोफा लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन मदतीला आला. जिन्याच्या वळणावर त्याला फोन आला आणि त्याने सोफ्याचा हात सोडून फोन उचलला. सोफा माझ्या अंगावर. कंबरेत जे काही कडकडलं ते सोफ्याचं असावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सासरे एकदाचे खाली येऊन बसले आणि म्हणाले, "चष्मा."

हा नवीन शब्द ऐकून बायको इतकी हरखली, की मी धावतच लिफ्टमध्ये शिरलो. चष्मा घेतला, खाली निघालो, आणि लिफ्ट मधेच बंद पडली. मेळ्याने सगळी वीज ओढून घेतली होती. अंधारात, घामाने निथळत, सासऱ्यांचा चष्मा छातीशी धरून मी ओरडत होतो. बाहेर बँड जोरात होता. मधून मधून माणसं खदखदून हसत होती. जग मजेत चाललंय आणि आपण पेटीत उभे आहोत, ही भावना फार वाईट.

तेवढ्यात खाली काय घडलं ते बायकोने मागाहून सांगितलं. मेळ्याची एक कार्यकर्ती, डोक्याला नारिंगी टोपी, हातात 'मोफत' लिहिलेल्या पाट्या, सोफ्यापाशी आली.

"काका, तुमच्या स्टॉलवर काय आहे?"

सासऱ्यांना कमी ऐकू येतं; त्यांना 'वर कोण आहे?' असं ऐकू आलं. "जावई आहे," ते म्हणाले.

"अय्या! काय करतो?"

"तेच तर आम्ही इतकी वर्षं शोधतोय."

आजूबाजूचे हसले. सासरे खुलले. कार्यकर्तीने सोफ्याला पाटी अडकवली आणि दोरी बांधून रांग लावली.

वीज आल्यावर मी बाहेर पडलो, तर ती रांग आइस्क्रीमच्या तंबूपर्यंत पोचलेली! मी सोफ्याकडे धावलो.

"ओ, रांगेतून या!" एक आजीबाई कडाडल्या.

"अहो, सोफा माझा आहे!"

"इथे सगळं सगळ्यांचं आहे," कार्यकर्ती म्हणाली आणि मला शेवटी नेऊन उभं केलं.

बायको फाटकाशी पदराने तोंड दाबून थरथरत होती. मला वाटलं, रडतेय. जवळ जाऊन पाहिलं, तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी!

"अहो, बाबा बोलतायत! बोलू द्या ना त्यांना," ती म्हणाली. मी परत रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिलो.

रांगेत उभ्या उभ्या मी माझं चरित्र ऐकलं. नळाची गळती थांबवायला गेलो आणि शेजाऱ्यांच्या घरात पाणी घुसलं तो प्रसंग. लग्नात मी चुकीच्या सासऱ्यांच्या पाया पडलो तो प्रसंग. (दोघांचे फेटे सारखेच होते हो!) लोक पोट धरून हसत होते आणि पुन्हा रांगेत लागत होते.

अखेर माझा नंबर आला. चष्मा माझ्या खिशात, त्यामुळे त्यांना मी म्हणजे एक धूसर गिऱ्हाईक.

"बसा. तुम्हाला आमच्या जावयाचं सांगतो. आळशी, धांदरट, विसराळू. पण..."

इतक्या वर्षांनी तो 'पण' आला होता. मी पुढे वाकलो. "पण काय, काका?"

"पण मुलगी ऐकायलाच तयार नव्हती."

टाळ्या पडल्या. मी खिशातून चष्मा काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि गुपचूप सोफ्यामागे जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी तंबू उतरू लागले, तशी कार्यकर्ती सासऱ्यांच्या पाया पडली. "काका, उद्याही यायचं हं! सकाळपासून लोक विचारतील."

"येणार!" सासरे म्हणाले. बायकोने माझा हात घट्ट धरला. कंबरेतून कळ गेली, तरी मी सोफा उचलायला वाकलो.

कार्यकर्तीने माझ्याकडे बोट दाखवलं. "सोफा आणायला उद्या यांनाच सांगू का? तुमचे हमाल ना हे?"

सासऱ्यांनी चष्मा नाकावर चढवला. मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"छे छे," ते म्हणाले, "हमाल कामाचा असतो."